मढवीबाईंची बिऱ्हाडं

मढवीबाई सर्व्हरला सर्व्हर म्हणत नसत. लोखंडी कपाटात बसवलेले खरे यंत्र ही त्यांच्या भाषेत ‘इमारत’ आणि सॉफ्टवेअरने त्या एका यंत्रात पाडलेली अनेक आभासी यंत्रे ही ‘बिऱ्हाडं’. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या डेटा सेंटरमध्ये इमारती सहा होत्या, बिऱ्हाडे शंभराच्या आसपास. प्रत्येक बिऱ्हाडाची समजूत अशी, की सारी इमारत आपल्या एकट्याची आहे. ती समजूत दिवसभर टिकवून धरणे हे मढवीबाईंचे काम.

या व्यवस्थेचे वर्णन संगणकाच्या पुस्तकांत वेगळ्या शब्दांत असते. मी ती पुस्तके वाचली आहेत. बाईंचे शब्द अधिक उपयोगी होते. नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याला त्या यंत्रकक्षाच्या काचेसमोर उभे करत आणि विचारत, “भाड्याने राहिलायस कधी?” तो हो म्हणाला, तर पुढचे शिक्षण सोपे. स्वतःच्या घरात वाढलेला निघाला, तर बाई खेदाने माझ्याकडे वळत. “याला वेळ लागेल, कदमसाहेब.”

हा अधिकार त्यांना लग्नाने मिळाला होता. माहेर करावे गावात, वडिलांची होडी खाडीत असे. सासर घणसोली गावात. सासऱ्यांची भातशेती शहर वसताना गेली, तिच्या मोबदल्यात गावठाणात तीन मजली घर उभे राहिले, आणि वरच्या खोल्या भाड्याने गेल्या. कोणाला खोली द्यायची आणि कोणाच्या शेजारी द्यायची, हा निर्णय सासूबाईंकडून सुनेकडे आला, त्याच सुमारास कंपनीने त्यांच्याकडे सर्व्हरची जबाबदारी सोपवली. दोन्ही कामे त्यांनी एकच समजून केली. त्यांचे यश त्यात होते, आणि त्यांच्या हातून जी एक मोठी चूक झाली, तीही त्यातूनच झाली.

आमची कंपनी औषधांची घाऊक वितरक. गोदाम तुर्भ्याला. मी महाप्याच्या केंद्राचा व्यवस्थापक होतो. बाईंच्या हाताखाली चौघे: नेटवर्क पाहणारा सलीम, माहितीच्या साठवणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या नायर, आणि पाळीपाळीने यंत्रांवर पहारा ठेवणारे अभियंते तांबे व भोसले. यंत्रकक्षातल्या पंख्यांचा आवाज इतका असे, की आत गेल्यावर हे चौघेही खुणांनी बोलत. बाई तोंडाने बोलत आणि बाहेरच्या मार्गिकेपर्यंत ऐकू येत. आतल्या गारठ्यासाठी कंपनीने दिलेले जाकीट त्यांनी कधी घातले नाही. पदर खोचून, कानांभोवती यजमानांचा तपकिरी मफलर गुंडाळून त्या सकाळी कपाटांच्या मागून एक फेरी मारत. प्रत्येक यंत्राच्या पाठीशी तळहात धरून बाहेर पडणारी हवा किती तापली आहे ते पाहत. समोर पडद्यावर तापमान दशांशापर्यंत दिसत असे. ते त्या नंतर पाहत आणि पडदा बरोबर आहे असे जाहीर करत.

मी कमी बोलतो. ती कसर त्यांनी माझ्या वतीने भरून काढली होती.

तुर्भ्याच्या गोदामाचे प्रमुख गावंड एकदा स्वतः महाप्याला आले. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विषय काढला.

“मॅडम, माझ्या स्टॉकच्या मशीनला प्रोसेसर किती दिलेत?”

“आठ.”

“सोळा करा. रिपोर्ट निघता निघत नाही.”

“चार करते.”

गावंडांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

“मॅडम, मी जास्त मागतोय.”

“ऐकलं मी. गावंड, लग्नात पंगतीला बसता ना? सोळा जण एकत्रच बसणार म्हणून अडून राहिलात, तर सोळा पाट एकदम रिकामे होईस्तोवर भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. चौघं असाल तर कुठंही घुसता. जेवून, हात धुवून, विडा खाऊन येता, तरी ते सोळा अजून उभेच.”

“मी कुठं अडून बसलोय?”

“तुमचं मशीन बसलंय. कामं तिघांची, आणि आठ पाट एकदम पाहिजेत त्याला. शेजारच्यांचं जेवण होईपर्यंत ते उपाशी उभं आहे, आणि तुम्ही म्हणताय घरातली माणसं वाढवा.”

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते यंत्र बंद केले, चार प्रोसेसर काढून घेतले आणि पुन्हा सुरू केले. गावंडांना शेजारी बसवून अहवाल काढायला लावला. तो पूर्वीपेक्षा बराच लवकर निघाला. गावंडांनी आभार मानले नाहीत. “मग इतकी वर्षं का नाही केलंत?” एवढे विचारले.

“तुम्ही मागितलं नाही,” बाई म्हणाल्या.

मालक सांगता येत नाही अशी यंत्रे प्रत्येक डेटा सेंटरमध्ये साचतात. कोणी तरी कधी तरी मागून घेतलेले असते, मागणारा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि यंत्र मात्र इमानाने वीज आणि जागा खात बसते. पत्र पाठवून विचारले, तर प्रत्येक विभाग म्हणतो, आमचे नाही, पण काढू नका. बाईंची पद्धत निराळी होती. त्या अशा यंत्राचा बाहेरचा संपर्क तोडत आणि कोण बोंब मारतो याची वाट पाहत. कोणी मारली, तर तो मालक. यंत्र त्याला परत. कोणीच मारली नाही, तर कुलूप. “दार लावायचं आणि ओट्यावर बसायचं,” असे त्या म्हणत.

एकदा अशा एका बेवारशी यंत्राचा संपर्क त्यांनी तोडला. आठवडे गेले, कोणी हूं की चूं केले नाही. बाई समाधानाने कुलूप लावायच्या बेतात होत्या, तोच संचालक सरदेसाई यांचा फोन आला. सरदेसाई मोजके बोलणारे, आणि फोन स्वतः लावणारे तर नव्हेतच. ते म्हणाले, आज माझा वाढदिवस आहे आणि मला शुभेच्छांचे पत्र आले नाही. ते यंत्र वर्षानुवर्षे एवढेच काम करत होते. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या वाढदिवशी कंपनीतर्फे एक ठरावीक मजकूर पाठवत होते. मधल्या काळात ज्यांचे वाढदिवस होऊन गेले, त्यांच्यापैकी एकालाही पत्र न आल्याचे जाणवले नव्हते.

बाईंनी यंत्राचा संपर्क पुन्हा जोडला. साचलेल्या सगळ्या शुभेच्छा एका दुपारी बाहेर पडल्या. पुढचे दोन दिवस लोक एकमेकांना विचारत होते, आज काय आहे.

त्यांचा सर्वांत लाडका प्रयोग मात्र वेगळा. चालू असलेले आभासी यंत्र क्षणभरही न थांबवता एका खऱ्या यंत्रातून दुसऱ्यात हलवता येते. या तंत्राला सर्वत्र सोय मानतात. बाई ते करमणूक म्हणून करत. पाहुणे, तपासनीस, बँकेचे अधिकारी, कोणी आले की त्यांना खुर्ची द्यायची आणि म्हणायचे, “चुलीवर भात आहे. भात न उतरवता बिऱ्हाड हलवते. बघा.”

मग तुर्भ्याला फोन. फोन मोठ्या आवाजावर.

“काय करताय?”

“लेबलं काढतोय, मॅडम.”

“काढत राहा.” इकडे माउसची एक टिचकी. पडद्यावर एक रेघ भरत जाई. “काही झालं का?”

“काय व्हायला पाहिजे?”

“काही नाही. ठेवा.” मग पाहुण्यांकडे वळून, “पहिल्या इमारतीत होतं, आता चौथ्या इमारतीत आहे. त्याला पत्ता नाही आणि लेबल काढणाऱ्यालाही नाही. माझ्या खोल्यांत हे जमलं असतं तर सासूबाईंनी मला पाटावर बसवून ओवाळलं असतं.” पाहुणे गेले की त्या यंत्राला परत पहिल्या इमारतीत नेऊन ठेवत. कारण त्याची जागा तिथे होती, आणि ती जागा त्यांनी ठरवलेली होती.

जागा कशी ठरवायची, याचा त्यांचा नियम एकच: एका गावची माणसे एका मजल्यावर. घरी त्यांचा दुसरा मजला पाटणकडच्या एकाच गावातल्या माथाड्यांना दिलेला होता. सगळे वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर माल वाहणारे. “भांडण नाही, तंटा नाही. एक आजारी पडला तर दुसरा पेज करून घालतो. तिथं मी एक जरी परका घुसवला असता, तर रोज पंचायत.” सर्व्हरच्या बाबतीतही तेच. मागण्या घेणारे यंत्र, साठा पाहणारे, लेबले छापणारे, गाड्यांचे मार्ग ठरवणारे, ही गोदामाची सगळी यंत्रे पहिल्या इमारतीत. हिशेबाची सगळी दुसऱ्या. मनुष्यबळाची तिसऱ्या. यामागे तांत्रिक कारणही होते, आणि ते खरे होते: एकाच इमारतीत असली, की या यंत्रांचे एकमेकांशी बोलणे बाहेरच्या तारेवर न जाता आतल्या आत होते, म्हणून लवकर होते. बाईंनी सॉफ्टवेअरला तसे नियमच घालून दिले होते. ही एकत्र राहतील. हलवायची नाहीत.

त्या सॉफ्टवेअरमध्ये भार पाहून यंत्रे आपोआप हलवण्याची सोय होती. ती बाईंना मान्य नव्हती. त्यांनी ती सोय ‘विचारून करा’ या अवस्थेत ठेवली होती. सॉफ्टवेअर रोज सकाळी विचारत असे: लेबलाचे यंत्र पाचव्या इमारतीत हलवू का? बाई रोज सकाळी ‘नाही’ वर टिचकी मारत.

“काल आलेला हा. मला सांगतोय कोणाला कुठं ठेवायचं.”

“मॅडम, रोज विचारतो बिचारा,” सलीम म्हणे. “एक दिन हो बोला.”

“तुझ्या बायकोला विचारून भाजी आणतोस ना? तसं विचारायचं असतं. ऐकायचं असं कुठं आहे?”

गोदामाच्या सकाळी मात्र बिघडत चालल्या होत्या. रुग्णालयांच्या आणि दुकानांच्या मागण्या सकाळी एकदम येतात, आणि गाड्या रहदारी वाढायच्या आत निघाव्या लागतात. नेमक्या त्या वेळात पडदे गोठत. गाड्या उभ्या, हमाल उभे, गावंड फोनवर. दहानंतर सारे सुरळीत. गावंडांचा अहवाल सुधारला होता, पण तो दुपारचा. सकाळ सुधारली नाही. जास्तीची मेमरी बसवून झाली. सर्व्हर विकणाऱ्या कंपनीचा माणूस दोन दिवस येऊन चहा पिऊन गेला.

पावसाळ्यात एका मोठ्या रुग्णालयाने पुरवठादार बदलण्याचा इशारा दिला. सरदेसाईंनी बाईंना आणि मला बोलावले. त्यांच्यासमोर आलेख होते.

“या सहा सर्व्हरवर सरासरीने निम्मेसुद्धा काम नाही,” ते म्हणाले. “तरी सकाळी आपण ठप्प. याचा अर्थ मला समजावून सांगा.”

बाईंनी आलेख पुढे ओढून पाहिले. 

“दिवाळीपर्यंत वेळ आहे. तोपर्यंत हे सुधारलं नाही, तर सगळं काम बाहेरच्या कंपनीला. महाप्याचा कक्ष बंद. तुमच्या पाच जणांचं काय करायचं ते मग बघावं लागेल.”

बाहेरच्यांना काम दिल्यावर पाच जणांचे काय होते, हे त्या व्यवसायात सगळ्यांना माहीत असते. त्याच दुपारी बाईंनी चौघांना उपाहारगृहात बसवले आणि सगळे सांगितले. काही लपवले नाही. नायर यांच्या घरी मिळवत्या त्या एकट्या. भोसल्यांनी नुकतेच घर घेतलेले.

“टेन्शन घेऊ नका,” बाई म्हणाल्या. “घ्यायचं तर मी घेते. तुम्हाला सवय नाही, वाया घालवाल.”

तांबे हसला. एकटाच.

गणपतीत मी त्यांच्या घरी दर्शनाला जात असे. सलीमही येई. त्या वर्षी गेलो, तेव्हा जिन्यातच भांडण चालू होते. पहिल्या मजल्यावरच्या एक गृहिणी बादली घेऊन उभ्या, समोर दुसऱ्या मजल्यावरचे शिंदे, पाटणकडच्या माथाड्यांतले वडीलधारे. आणि गणपतीसमोर पाटावर बसल्या जागेवरून दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलणाऱ्या सासूबाई.

“पहाटे चारला नळ सोडला तर थेंब नाही,” गृहिणी म्हणत होत्या. “ह्यांची फर्स्ट शिफ्ट असते. बिनआंघोळीचे जायचे का सणाचे?”

“आमी काय मुद्दाम करतोय का, ताई?” शिंदे म्हणाले. “पाचाला मार्केट. समदी एकदम उठत्यात, समदी एकदम अंगावर घेत्यात. आता बारीबारीनं उठवू का त्यास्नी?”

“वत्सले,” सासूबाईंनी आतून हाक दिली, “किती येला सांगला तुला, टाकी मोठी बशीव. ही टाकी पुरत नाय.”

बाई आमच्यासाठी मोदकांची ताटे घेऊन बाहेर येत होत्या. “आई, टाकी मोठी करून काय करू? दिवसभर अर्धी भरलेलीच असते. सगळे एकाच मजल्यावरचे, एकाच वेळी उठणारे, एकाच पाइपावर. दुसऱ्या बाजूच्या पाइपाला त्या वेळी एक माणूस जागा नसतो.”

एवढे बोलून त्या थांबल्या. ताटे हातातच राहिली. सलीमने हात पुढे केलेला होता, तोही तसाच राहिला.

“मॅडम?”

“अरे, मी काय बोलले आत्ता?”

“टाकी अर्धी असते.”

“ते नाही. त्याच्या पुढचं.” उत्तराची वाट न पाहता त्यांनी ताटे सासूबाईंपुढे ठेवली. “सलीम, आपली पहिली इमारत. सकाळी सगळी एकदम उठतात आणि एकाच पाइपावर आहेत. हिशेबवाले तेव्हा झोपलेत, मनुष्यबळवाले झोपलेत. साहेबांच्या आलेखात टाकी अर्धी दिसणार नाही तर काय.”

“ए बाय, मोदक देस का नाय त्या मानसांना?” सासूबाई म्हणाल्या.

मोदक मिळाले. बाईंचे लक्ष नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘एकत्र राहतील’ हे सगळे नियम पुसून टाकले. गोदामाचे एक यंत्र हिशेबाच्या इमारतीत, एक मनुष्यबळाच्या, एक चौथ्या. सकाळी उठणाऱ्याच्या शेजारी दुपारी उठणारा. आपोआप हलवण्याची सोयही सुरू केली आणि पहिले काही दिवस तिच्यासमोर संशयाने बसून राहिल्या. एखादे यंत्र हलले की म्हणत, “विचारलंन पण नाही.” आणि थोड्या वेळाने, “बरोबर ठेवलंय पण.”

आठवडाभर गावंडांचा सकाळी फोन आला नाही. मग बाईंनीच त्यांना फोन करून चौकशी केली. गावंड म्हणाले, सगळं ठीक आहे, पण सकाळी करायला काही उरलं नाही.

पुढच्या बैठकीत सरदेसाईंनी विचारले, बिघाड कुठे होता? यावर उत्तर देण्याच्या अनेक सभ्य पद्धती आहेत. मी स्वतः दोन तयार ठेवल्या होत्या.

“माझ्यात,” बाई म्हणाल्या. “मशीन रोज सांगत होतं, हलव म्हणून. मी रोज नाही म्हणत होते. घरच्या खोल्या भरायची सवय इकडे लावली. तिकडं माणसं आहेत, त्यांना सोबत लागते. यांना नाही लागत.”

सरदेसाईंनी कागद पुढचा घेतला. माणूस एवढे स्पष्ट बोलला की रागवायचे कसे, हे त्यांना सुचले नसावे.

गोष्ट इथे संपली असती तर ती मी लिहिली नसती. बिऱ्हाडे नीट वाटली गेल्यावर दिसून आले, की इमारती सहा लागतच नाहीत. तीन पुरतात. बेवारशी यंत्रांना कुलपे लावून झाल्यावर तर तिनांतही हवा खेळू लागली. हे प्रथम बाईंना दिसले, मग सलीमला. तो माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, “मॅडम, एक बात बोलू? राहू दे ना सहा चालू. कोणाला कळतंय? तीन बंद केले तर साहेब बोलणार, तीन मशीनला अख्खा कक्ष कशाला. मग आपण पण बंद.”

“मला कळतंय तेवढं.”

“मग?”

“मग काय? रिकाम्या खोल्यांचे पंखे फिरवत बसू का, कोणी वर बघू नये म्हणून? दर महिन्याला खोटं बोलावं लागेल. एकदा बोलले असते. दर महिन्याला माझ्या लक्षात राहणार नाही.”

त्यांनी तीन यंत्रे रिकामी करून बंद केली आणि तसे मला सांगितले. मी वर कळवले. सलीमने भाकीत केले होते ते शब्दशः खरे ठरले. दिवाळी चांगली गेली, रुग्णालय राहिले, गाड्या वेळेवर सुटत होत्या; आणि सरदेसाईंनी ठरवले, की तीन यंत्रांसाठी स्वतःचा कक्ष, स्वतःची वातानुकूलन यंत्रणा आणि स्वतःचे जनरेटर ठेवणे शहाणपणाचे नाही. ऐरोलीच्या बाजूच्या एका मोठ्या डेटा सेंटरमध्ये दोन कपाटे भाड्याने घेतली गेली. तिथली कंपनी म्हणाली, तुमच्या यंत्रांची माहिती असलेले चार जण आम्ही आमच्याकडे घेऊ. चारच.

सरदेसाई मला म्हणाले, “मढवींचं नाव पहिलं. उरलेले तीन त्यांनाच निवडू द्या.”

मी निरोप दिला. बाईंनी आठवडा घेतला. मग एका सकाळी फेरी आटोपून, मफलर सोडत माझ्या खोलीत आल्या.

“सलीम, नायर, तांबे, भोसले.”

“चार झाली,” मी म्हणालो.

“चारच हवीत ना?”

“तुमचे नाव?”

“साहेब, एक कमी करायचा तर कोणता, ते आठवडाभर बघितलं. नायरला काढू? भोसलेला काढू? इतकी वर्षं खोल्या दिल्या, एकही भाडेकरू मी बाहेर काढला नाही. मला ते येत नाही. आता शिकायचं वय हाय का?” ‘हाय’ त्यांच्या तोंडून ऑफिसात कधी निघत नसे. त्यांच्याही ते लक्षात आले. “आणि माझ्याकडे तीन मजले आहेत. दुसऱ्या बाजूच्या पाइपातून दुसऱ्या मजल्याला एक फाटा पण टाकायचाय. शिंद्यांची माणसं हलणार नाहीत. मी विचारलं नाही, पण हलणार नाहीत.”

“त्यांना सांगितलंत?”

“कोणाला, चौघांना? कशाला? सांगितलं तर प्रत्येक जण पुढं येईल, माझं काढा, माझं काढा. तुम्ही लिहा फक्त.”

मी चार नावे लिहिली. ती सरदेसाईंकडे गेली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

चौघांना कळले ते नेमणुकीची पत्रे हातात आल्यावर. सलीम दोन दिवस बाईंशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, “तिकडे कोणाला विचारू आता?”

“तांबेला विचार. त्याला येत नाही असं वाटतं त्याला. येतं.”

ऐरोलीला बिऱ्हाडे हलवली ती भर दुपारी. पद्धत अशी, की असली कामे लोक झोपल्यावर करावीत. बाईंनी ती मानली नाही. “रात्री काय हलवायचं, चोरीची आहेत का?” एकेक बिऱ्हाड तारेवरून तिकडच्या कपाटांत गेले. तुर्भ्याहून गावंडांचा मध्येच फोन आला, तेव्हा साठ्याचे यंत्र अर्धे इकडे, अर्धे तिकडे होते. लेबलांसाठी कोणत्या रुंदीचा कागद मागवायचा, असे ते विचारत होते. बाईंनी सांगितले आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत महाप्याच्या कक्षातले पंखे थांबले. त्या खोलीत माणसाचा साधा आवाज कसा लागतो, हे मला तेव्हा कळले. कोणी काही बोलले नाही, म्हणून फारसे कळले नाही.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त झालो. त्याआधी एकदा ऐरोलीला जाऊन ताबा दिल्याची खात्री करायची होती. बाईंची आता तिथे गरज नव्हती, तरी त्या आल्या. दारात पाहुण्यांचा बिल्ला गळ्यात घालावा लागला, बुटांवर निळ्या पिशव्या चढवाव्या लागल्या. आमची कपाटे जाळीच्या पिंजऱ्यात होती. आत नायर आणि भोसले काम करत होते. बाईंनी जाळीतून त्यांना इतकेच विचारले, “डबा खायला जागा दिलीय का नीट?” नायर यांनी मान हलवली. भोसले पाठ करून उभे राहिले. तिथला तरुण व्यवस्थापक बाईंना आदबीने म्हणाला, मॅडम, तुमची रचना आम्ही इतर गिऱ्हाइकांना दाखवतो. बाई म्हणाल्या, दाखवा, पण पाण्याच्या टाकीचं सांगू नका, लोक हसतात.

बाहेर उन्हात आलो. मी म्हणालो, घणसोलीला सोडतो. गाडी नवी होती.

“नको साहेब. सासूबाईंनी खाडीतल्या निवट्या सांगितल्यात. मासळीबाजारातून जायचंय. तुमच्या गाडीला वास बसेल, आणि तुम्ही तोंडावर काही बोलणार नाही.”

समोर रस्ता होता. तळोज्याकडे जाणारे टँकर एकामागून एक वेगाने येत होते आणि जवळपास सिग्नल नव्हता. मी थांबा म्हणणार होतो. मढवीबाई पदर खोचून पदपथावरून उतरल्या आणि न बघता हात वर केला.

टँकर थांबला.